जमिनीवरची मिनिटं

प्रिय बाबा,

मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "हवेतला वेळ कुणीही सांगेल, जमिनीवरचा धरायला शीक." अजून विमानांची वेळापत्रकं तशीच करते; हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढायला वीस मिनिटं जादा धरते.

मी मजेत आहे. मासे अजून स्वतःच साफ करता का?

फोनवर म्हणालात, "चौदाला ऑपरेशन आहे, पण तू कशाला येतेस? आम्स्टरडॅम-बर्गेन पावणेदोन तास. गरज पडली तर बोलावीन." बाबा, वैमानिक होतात ना तुम्ही! माझ्या दारापासून तुमच्या खाटेपर्यंत सात तास लागतात. आई गेली तेव्हा मी बर्गेनच्याच विमानतळावर बॅगेची वाट पाहत उभी होते.

नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी मला तेरालाच येऊ द्या.

तुमची हट्टी लेक,
सिग्रिद