‘नांदणे’ या क्रियापदाचा कर्ता

गुरुजी, तुमच्या आधी तुमच्या वहाणा वर्गात यायच्या. व्हरांड्याच्या टोकापासून करकर, करकर. ती ऐकली की आम्ही पाट्या सरळ करून बसायचो आणि मी कालची कविता मनातल्या मनात म्हणून घ्यायचो. सासुरवाशिणीच्या कविता तर तुम्ही डोळे मिटून अशा चालीत म्हणायचात, की माझ्यासारखं नऊ वर्षांचं पोरगं हुंदके द्यायचं. व्याकरणात मात्र दया नाही. आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, ते तुम्हाला खपायचं नाही. मुलींच्या हातावर पट्टी. ‘आलो नव्हे, आले! स्त्रीलिंग!’ त्या मुसमुसत ‘आले’ म्हणायच्या आणि शाळा सुटली की घराच्या दारातून ओरडायच्या, ‘आई, मी आलो!’ चौथी पास झालो तेव्हा तुम्ही मला जाड पुठ्ठ्याची वही दिलीत, आवडतील त्या कविता उतरवून ठेवायला. तिच्याच शेवटच्या कोऱ्या पानांवर हे लिहितोय. राग आलाय म्हणून लिहितोय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत.

आमची अक्का सासरहून परत आली तो दिवस आठवतो का? तुम्ही आमच्या चुलीपाशी पाटावर बसलाय. अक्काचं उजवं मनगट सुजून टम्म झालंय. तिचा नवरा दारू पितो हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. वडील म्हणतात, ‘गुरुजी, तुमीच सांगा आता.’ तुम्ही बशीतला चहा संपवता आणि म्हणता, ‘मुलगी नांदली पाहिजे.’ तीन शब्द! वर कवितेच्या दोन ओळीही म्हणता, त्याच चालीत. आणि मला त्या आवडतात, गुरुजी. याचीच जास्त लाज वाटते. अक्का दुसऱ्या दिवशी गेली. नांदली. त्या मनगटानं तिला पुन्हा कधी धड भाकरी थापता आली नाही. डाव्या हातानं थापायची, एका अंगाला जाड व्हायची, आणि त्यावरून मरेपर्यंत बोलणी खाल्ली. तुमच्या कुठल्या कवितेत आहे हो ती भाकरी? तिथली सासुरवाशीण खिडकीत बसून किती गोड रडते!

परवा माझी लेक सासरहून, मुरगूडहून आली. दारात पिशवी टेकवून म्हणाली, ‘बाबा, मी आलो.’ तिची आई गेल्यापासून शाहूपुरीतल्या या दोन खोल्यांत मी एकटाच असतो, तिला पाहून आधी आनंदच झाला. मग तोंडाकडं पाहिलं. जावई पितो. शुद्धीत असला की माणूस लाखात एक. ही ब्लाउज शिवते, तर हिच्या मशीनला तेल घालतो, सुईत दोरा ओवून देतो. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. पहिल्यांदा चार महिने टिकला, दुसऱ्यांदा गणपतीपर्यंत. ‘बाबा, रडतो वो माझा पदर धरून,’ ती म्हणाली, ‘सोडला तर त्यो मरंल. ऱ्हायलो तर मी मरतो. काय करू सांगा की!’

आणि मी... ते नंतर सांगतो. आधी तुम्ही सांगा. ‘नांदणे’ हे क्रियापद तुम्ही फळ्यावर लिहायचात. ‘मुलगी सुखाने नांदते.’ पुढं ‘नवरा नांदतो’ असं वाक्य का नाही लिहिलंत? सगळी शिस्त, सगळी पट्टी पोरींनाच? पिणाऱ्याला एखादी छडी मारायला काय झालं होतं?

असो. हे पत्र वहीतच राहणार, तेव्हा लपवून काय करू? लेकीनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ‘नांदायला हवं, बाळ.’ हुबेहूब तुमचा आवाज. ती म्हणाली, ‘बाबा, बाप्या माणूस कवा नांदलाय व्हय?’ दोन दिवस ती माझ्याशी धड बोललेली नाही.

दार वाजतंय. थांबा.

विहीणबाई आल्यात, जावयाची आई. वडापच्या जीपमधनं एकट्या, आणि पायरीवर शिलाई मशीन. मी हात जोडले. म्हटलं, आता ही लेकीला न्यायला आली. तर जोरात म्हणतात, ‘पावणं, न्यायला न्हाय आलो. हिचं मशीन पोचवाय आलो. त्यो इकाय निघालता. पोरीला धाडू नगा. मी नांदलो त्येवढं बास झालं.’ आतून लेक आली. सासूच्या पाया पडली, बराच वेळ उठलीच नाही. उठल्यावर म्हणाली, ‘आत्या, पुन्ना केंद्रात गेला तर डबा घिऊन भेटाय जातो मी. नांदाय न्हाय जात.’

‘मी नांदलो,’ म्हणाल्या, गुरुजी. मी चूक काढली नाही. मशीन जड आहे, लेक एकटीच उचलतेय; दुसऱ्या बाजूनं धरायला उठतो.