नवमीच्या पानावरचा मोमो

विरार (पश्चिम),
बुधवार, २४ सप्टेंबर २०२५

चि. जागृती,

आशीर्वाद. थोरांनी द्यायचे असतात म्हणून देते आहे, घ्यायचे की नाहीत ते तुझं तू बघ. इकडे आम्ही तिघंही खुशाल. संग्राम कामणच्या गोदामात वेळेवर जातो आणि वेळेवर घरी येतो. माझे गुडघे दुखतात, पण ते तू असतानाही दुखायचे, तेव्हा त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही. परवा घट बसले. यंदा पाटावर एकटीनेच सगळं मांडलं आणि काही अडलं नाही.

पत्र बघून तुला नवल वाटेल. तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही आणि खालच्या मजल्यावरच्या रेजिनाबाई तो द्यायला तयार नाहीत. तुझ्या माहेरचा, चिपळूणचा पत्ता मात्र तुझ्या नंबरासारखा बदलत नाही.

तुझा निरोप त्यांनी दारात उभं राहूनच दिला. दिवाळीच्या सुट्टीत तू भावाला, सिद्धेशला, घेऊन येणार आणि चैतूला कायमची चिपळूणला नेणार. त्याचं उत्तर द्यायला बसले आहे. येऊ नकोस.

आता लगेच कागद फाडू नकोस. तुझ्या लेकीची बातमी माझ्याइतकी खरी दुसरं कोणी देणार नाही.

तुझा एअर फ्रायर मी माळ्यावरून खाली काढला. हो, मीच काढला. तू तो आणलास त्या दिवशी मी त्याला डबडं म्हणाले होते आणि माझ्या ओट्यावर जागा दिली नव्हती. आता तो मिक्सरच्या शेजारी असतो. तू गेल्यावर चैतूने पोळी सोडली, भात सोडला, माझ्या हातचा शिरासुद्धा थुंकून टाकला. मोमो पाहिजेत म्हणून बसली. आईने पोरीला काय वळण लावलंय ते दिसलं. मी नाक्यावरच्या दुकानातून ते गोठवलेले मोमो आणले, कोबी-गाजराचे, तू आणायचीस तेच पाकीट. म्हटलं, तीन-चार तास आमटी आटवणारी बाई मी, मला काय हे जमणार नाही?

पहिल्यांदा माझ्या हिशेबाने केले. बर्फासारखा गोळा तापल्या भांड्यात टाकायचा हे माझ्या हाताला पटत नाही. सगळे मोमो कोमट पाण्यात सोडले, मऊ करून घेतले, टिपून घेतले. झालं! पारीचा लगदा, आणि सारण जाळीत. गिरीजहून येणाऱ्या भाजीवालीकडून गणपतीसाठी हळदीची पानं घेतली होती, दुसऱ्या खेपेला त्यातलंच एक मोमोंखाली घातलं. मोदकाला घालतो तसं. मशीन सुरू झालं आणि पान उडून वरच्या तापलेल्या तारेला चिकटलं. घरभर धूर. संग्रामने फ्रायर उचलून खिडकीबाहेर टाकायलाच काढला होता, मी हात धरला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते हे.

हसू आलं ना? येऊ दे. तुझ्यावर आम्ही हसलो तेव्हा तू मान खाली घालून भाकरी थापत होतीस, ते माझ्या लक्षात आहे.

संग्रामचा हात धरला म्हणाले, ते वाचून तू काय म्हणशील तेही कळतं. 'तेव्हा का नाही धरला?' अगं, धरता आला असता. पण नवरा-बायकोच्या मध्ये आईने पडू नये असं मला माझ्या सासूने शिकवलं. तुझं मनगट आता जुळलं असेल. थंडीत ठणकेल, त्याला तिळाचं तेल चोळ. माझं डावं कोपर अजून ठणकतं, आणि चैतूचे आजोबा जाऊन किती वर्षं झाली. मी कुठे घर सोडून गेले?

तू तर दवाखान्यातून प्लास्टर घालून परत आलीस आणि बेल वाजवलीस, असं तू जगाला सांगतेस. वाजवली होतीस. मी नाही म्हणत नाही. चैतू माझ्या मांडीवर होती आणि तिच्या कानावर मी हात ठेवले होते. तू रडत रडत जिना उतरलीस. संग्राम म्हणाला, जाऊ दे, आपोआप येईल ठिकाणावर. तू आलीच नाहीस. मला वाटलं होतं तू आणखी दोनदा तरी येशील.

मग पोरीचे प्रश्न सुरू झाले. आई कधी येणार, आई का येत नाही, आईचा हात बरा झाला का. शाळेतून आली की दप्तर तसंच पाठीवर ठेवून खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी. किती दिवस सांगणार, उद्या येईल म्हणून? तिला ताप भरला, तापातही तेच. शेवटी मी म्हटलं, आई देवाघरी गेली.

हो. तसंच म्हटलं. एका वाक्यात प्रश्न मिटला. ती खूप रडली, मग झोपली, आणि उठल्यावर खिडकीपाशी गेली नाही. संग्रामला सांगितलं तर त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. नको असंही म्हणाला नाही. तुझ्या फोटोला हार मात्र मी घातला नाही. तेवढं मला कळतं.

तू म्हणशील, जिवंत बाईला मारलं. मी म्हणते, रोज थोडी थोडी मरत होतीस तिच्या डोळ्यांसमोर, त्यापेक्षा एकदाच बरं.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते सांगते, इतका वेळ टाळत होते.

पितृपक्षात अविधवा नवमीला मी माझ्या सासूचं पान ठेवते, तुला माहीत आहे. सासूबाई सवाष्ण गेल्या. सासरे गेल्यावर ही नवमी करायची नसते म्हणतात, पण आमच्याकडे चालू राहिली. खीर, वडे, गवार-भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं केलं. चैतू शाळेतून आली, ओट्यापाशी उभी राहिली आणि विचारलं, "हे कोणासाठी?" मी सांगितलं, ज्या बायका नवरा असताना देवाघरी गेल्या त्यांचा आज दिवस. बोलले आणि माझ्याच जिभेला चटका बसला.

ती म्हणाली, "मग माझ्या आईचा पण आजच ना, आजी?"

तिने खुर्ची ओढून फ्रिज उघडला. पाकिटातून मोमो काढले, स्वतः जाळीत मांडले, फ्रायर लावला. कसा लावायचा ते तुझं बघून तिला येतं. करकरीत झाले, दगड. त्यातला एक, बरा दिसणारा, तिने माझ्या सासूच्या पानाशेजारी केळीच्या तुकड्यावर ठेवला. वर साखर भुरभुरली, आईला गोड आवडतं म्हणून.

आम्ही गच्चीवर गेलो. आमच्या गच्चीवर कावळ्यांपेक्षा कबुतरं जास्त. सासूबाईंच्या पानाला कोणी शिवेना. मी हात जोडून विनवण्या केल्या, चुकलंमाकलं माफ करा म्हटलं, तरी नाही. त्या जिवंतपणीही माझ्या हातचं असंच तासभर ताटकळत ठेवून खायच्या, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, यांची मेल्यावरही गेली नाही. आणि तेवढ्यात एक कावळा आला. वडा नाही, खीर नाही. तुझा मोमो उचलला आणि टाकीवर जाऊन बसला.

चैतूने टाळ्या वाजवल्या. टाकीखाली धावत गेली आणि वर बघून म्हणाली, "आई, हळू खा. गरम आहे."

रेजिनाबाई तिथेच कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातली चादर खाली पडली. पोरीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण माझा दंड धरून बोलल्या, "जित्या मानसाला घास ठेवता, मीराबाय? कालच बोलले मी तिच्याशी फोनवर. कोनत्या देवाला तोंड दाखवाल?" मी म्हटलं, तुमचा देव वेगळा, माझा वेगळा. त्या म्हणाल्या, "पोरीची आई एकच हाय ना पन?" त्या दिवसापासून मी चैतूला त्यांच्याकडे पाठवत नाही.

तर जागृती, कावळा शिवला. आपल्यात त्याचा अर्थ काय होतो ते तुला सांगायला नको. तुझी कोणतीच इच्छा मागे उरलेली नाही. आता दारात येऊन इच्छा सांगू नकोस. बेल वाजली, पोरीने दार उघडलं आणि समोर तू, तर सहा वर्षांचं पोर काय समजेल याचा विचार कर. तापाने फणफणेल. कोर्टात जाशील तर जा. न्यायाधीश तिला प्रेमाने विचारतील, बाळ, तुझी आई कुठे आहे? ती बोट वर करेल.

इथे पत्र संपवणार होते. पण एक राहिलं.

ती जेवत नाही. नवमीपासून तर मोमोही खात नाही. केले की सगळी ताटली गच्चीवर नेते, आधी आईला. कावळे माजलेत आणि हिच्या शाळेच्या स्कर्टला मी सेफ्टी पिन लावते. डबा भरलेला परत येतो, बाईंनी दोनदा बोलावून विचारलं. डॉक्टर म्हणाले आजार काही नाही, आवडीचं खाऊ घाला. काल मी जबरदस्तीने तिच्या तोंडात एक घातला. तिने चावला, थोडा वेळ तोंडात धरला आणि हळूच हातात काढून मला दाखवला. "आईचे असे नव्हते," एवढंच म्हणाली. रडली नाही गं. रडली असती तर मी दोन धपाटे घातले असते. मला त्या पोरीची भीती वाटायला लागली आहे.

म्हणून विचारते. तू कसे करायचीस? बर्फातूनच टाकायचीस की आधी वाफवायचीस? वरून तेल लावायचीस की पाणी शिंपडायचीस? पारी मऊ आणि कडा तेवढी कुरकुरीत, असं ती सांगते, ते मला काही केल्या जमत नाही. तुला पोरीची माया असेल तर लिहून पाठवशील. नसेल तर ती उपाशी राहील, आणि ते पाप माझं एकटीचं नसेल.

साध्या पोस्टकार्डावर लिही, माझ्या नावाने. कृती तेवढी लिही. चैतूला पापा वगैरे काही नको, आणि खाली सही करू नकोस.

पोरीला आता वाचता येतं.

चैत्रालीचं जिला आता सगळंच करावं लागतं, ती
मीरा