मोरीसकट खोली

मी, द्रौपदी भीमराज वाहुळे, धंदा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात खापऱ्या धुणे, आता घरीच, वय आधारकार्डावर एकाहत्तर (खरे त्याहून जास्त, पण कार्डाशी भांडून कोण जिंकलंय), राहणार पंतनगर, घाटकोपर पूर्व, तळमजल्याची खोली, असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी कोणाच्या दाबाखाली, धाकाखाली किंवा गोड बोलण्याखाली येऊन केलेले नाही. गोड बोलणारे आमच्याकडे आहे कोण. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला लागतो म्हणून नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, "आजी, तुमचं जरा जास्तच ठिकाणावर आहे." तेवढेच लिहून द्या म्हटले. दिले. सोबत जोडले आहे.

यातले कायद्याचे शब्द वकील रेवतीबाईंचे, बाकीचे माझे. बाई म्हणाल्या, "मावशी, टोमणे काढून टाकू का?" मी म्हटले, टोमणे काढले तर उरेल काय, एक खोली आणि चार भांडी.

कलम १. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते ते रद्द समजावे. त्यात खोली सरळ माझा मुलगा अनिरुद्ध याला दिली होती. तेव्हा मला माझ्या मोरीची किंमत माहीत नव्हती.

कलम २. मी गेल्यावर बुद्धवंदना घ्यावी. पुण्यानुमोदनाला भाषणे नकोत. कोणाला माझ्याबद्दल चांगले बोलायची हौस आली तर त्याने मी जिवंत असताना येऊन बोलावे, चहा देईन. जेवणात बोंबलाची चटणी असलीच पाहिजे. माझी सून तेजल नाक धरेल. धरू दे.

कलम ३. खोलीचे कळायचे तर आधी नोकरीचे कळले पाहिजे, म्हणून लिहिते.

माझे यजमान भीमराज साकीनाक्याला लेथवर होते. त्या कारखान्याचे शटर एकदा खाली आले ते परत वर गेले नाही. म्हणून मी विद्यापीठात झाडू मारायला लागले. पुरातत्त्व विभागातल्या विद्याधर सरांनी पाहिले की ही बाई टोपल्या आपटत नाही. म्हणाले, "द्रौपदाबाई, खापऱ्या धुवाल का?" खापऱ्या म्हणजे जुन्या मडक्यांचे तुकडे. हे लोक कुठे कुठे खणतात, पोतीच्या पोती भरून आणतात, मग कोणीतरी त्या मऊ ब्रशने धुवून सावलीत वाळवायच्या. ते कोणीतरी म्हणजे मी, विमला आणि सोनूबाई. आख्खी हयात आम्ही दुसऱ्यांची भांडी घासली, तीही फुटकी.

विभागातल्या कायम माणसांना पगारी रजा, फंड, आजारपणाचे बिल, खोदकामाला बाहेरगावी गेले की भत्ता आणि झोपायला खाट. आम्हालाही बाहेरगावी नेत. भत्ता नाही, आणि खाटेशेजारी सतरंजी. विमला म्हणायची, "द्रौपदे, आपण खालच्या थरातल्या गं."

आम्ही रोजंदारीवर. दर थोड्या महिन्यांनी आम्हाला एक दिवस खंड द्यायचे. त्या दिवशी हजेरी नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही नव्याने नोकरीला लागलो असे धरायचे, म्हणजे कायम करायला नको. मी त्या विभागात इतक्या वेळा नव्याने लागले की नवी नवरीसुद्धा इतक्यांदा माप ओलांडत नाही.

पण खंड पडला म्हणून खापऱ्या थांबतात काय? आम्ही तिघी त्या दिवशी माझ्याकडे जमायचो, भाकऱ्या थापायचो. तिला आम्ही खंडाची पंगत म्हणायचो. सरांना हे कळले. मग खंडाच्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात. सर स्वतः, आणि डिकीत खापऱ्यांचे टब. "द्रौपदाबाई, बसल्या बसल्या होतंय का बघा. अहवाल अडलाय." आम्ही माझ्या मोरीत बसून धुवायचो आणि सर पाटावर बसून बोंबलाची चटणी खायचे. वर म्हणायचे, "आमच्या घरी बोलू नका हं." नाही बोललो. आम्ही शब्दाच्या पक्क्या.

रोजंदारीवाला निवृत्त होत नाही. त्याला नुसते "उद्यापासून येऊ नका" म्हणतात. जाताना शाल आणि नारळ दिला. नारळ नासका निघाला.

कलम ४. खटला. आम्ही तिघींनी विद्यापीठावर खटला घातला आहे: आम्हाला कायम धरा, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तीवेतन द्या, आणि आज त्याच विभागात जी पोरे करारावर राबताहेत त्यांनाही हाच न्याय लावा. माझे काय, दात गेले, आता निवृत्तीवेतन आले तर पेजच प्यायची. पण आम्ही हरलो तर त्या पोरांना कोणी उभे करणार नाही.

विद्यापीठाचे म्हणणे एकच. खंडाच्या दिवशी या बायका कामावर नव्हत्या, म्हणून नोकरी सलग नाही, म्हणून हक्क नाही. आम्ही सांगितले की घरी टब यायचे. त्यावर विद्याधर सरांनी लेखी दिले की त्यांना तसे काही आठवत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक काय खायचे ते सरांना पाठ. माझ्या घरी स्वतः काय खाल्ले ते आठवत नाही. सर स्वतः मात्र निवृत्तीवेतन घेतात. दर महिन्याला ते बरोबर आठवते.

सबब ती शाल विद्याधर सरांना परत करावी. नवीकोरी आहे. वास येत असेल तर तो बोंबलांचा, मुद्दाम त्याच डब्याशेजारी ठेवली आहे.

कलम ५. मोरी. गेल्या वर्षी मोरी तुंबली. अनिरुद्धने मुलुंडहून प्लंबर पाठवला. त्याने जाळी काढून हात घातला आणि म्हणाला, "मावशी, खाली काय कौलं पुरलीत?" मुठीत बघते तर काळ्या-तांबड्या खापऱ्या. टबातून निसटलेले बारीक तुकडे वर्षानुवर्षे खाली साचले होते. मी म्हटले, "हात काढ. एक बोट लावू नको." त्याला वाटले म्हातारी सरकली.

रेवतीबाईंना फोन केला. त्या धावत आल्या, मोरीत वाकून बघितले आणि माझा गालगुच्चा घेतला. माझा! या वयात! म्हणाल्या, "मावशी, हिला हात लावू देऊ नका. मी कोर्टाकडून माणूस मागवते, पाहणीला."

तेव्हापासून पाहणी होईपर्यंत मी बादली घेऊन विमलाकडे अंघोळीला जात होते. अनिरुद्ध बँकेत आहे. कर्ज काढून मुलुंडला फ्लॅट घेतला, आणि ही खोली भाड्याने द्यायचे त्याच्या मनात. चकचकीत टाइल्स घेऊन आला.

"आई, भाडेकरू मोरी आधी बघतो. फोडू आणि नवी करू."

"फोड. आणि मग माझं थोबाड कुठल्या कोर्टात दाखवू?"

"अगं, गटारातल्या कचऱ्यावर केस जिंकतात का कुठे? लोक हसतायत."

"हसू दे. तू बँकेत युनियनचा सेक्रेटरी ना? तुमचा महागाई भत्ता थकला तेव्हा रस्त्यावर आडवे झाला होतात. तेव्हा मी हसले का?"

तेजल मध्ये पडली, "आई, ते वेगळं हो." मी म्हटले, वेगळे कसे नसणार, ते तुमचे होते.

टाइल्स अजून पलंगाखाली आहेत. त्या अनिरुद्धलाच.

कलम ६. पाहणी कशी झाली ते, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

कोर्टाने एक कमिशनर पाठवला. बरा पोरगा, पँट दुमडून आला. विद्यापीठाने आपल्या बाजूने विभागातली अबोली म्हणून मुलगी पाठवली, खापऱ्या ओळखायला. चांगली शिकलेली. अकरा महिन्यांच्या करारावर. फंड नाही, रजा नाही, ताप आला तरी स्वतःच्या खर्चाने. मनात म्हटले, संपले. ही कशाला त्यांच्या विरुद्ध बोलते, हिचा करार पुढच्याच महिन्यात संपतो.

अबोलीने ओढणी कमरेला बांधली आणि मोरीत मांडी घालून बसली. गवंड्याच्या असते तसल्या करणीने एकेक थर काढायला लागली, जसा खोदकामात काढतात तसाच. वरच्या थरात शाम्पूच्या पुड्या. त्याखाली केसांच्या पिना. मग तेजलचे कानातले. लग्नानंतर इथे राहायला होती तेव्हा हरवले म्हणून सहा महिने माझ्याकडे संशयाने बघत होती. पाहणी बघायला ती आली होतीच; अबोलीने ते धुऊन तिच्या हातावर ठेवले. तेजलचे तोंड असे झाले की मला खटल्याची निम्मी भरपाई तिथेच मिळाली.

त्याखाली खापऱ्याच खापऱ्या. त्यातला एक काठाचा तुकडा अबोलीने उचलला. उजेडात धरला, फिरवला.

"काय गं?" मी विचारले.

"आजी, आमच्या विभागात शिरल्या शिरल्या काचेच्या कपाटात एक मडकं आहे. सगळं जोडलेलं. काठाचा एक तुकडा मिळाला नव्हता, तिथे प्लास्टर भरलंय."

मला ते मडके माहीत. सरांनी तेव्हा आमच्या तिघींवर किती आरडाओरडा केला होता. "तुकडा गेला कुठे? खाल्लात का?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. विद्यापीठातले कोणी साहेब होते. आवाज इतका मोठा की कमिशनरलाही ऐकू गेला. "तुम्ही फक्त ओळख पटत नाही एवढं लिहा."

अबोली म्हणाली, "पटते, सर."

"करार कधी संपतोय तुमचा?"

"पुढच्या महिन्यात, सर. पण तुकडा आपलाच आहे."

कमिशनरने तुकडा सीलबंद केला. दुसऱ्या दिवशी विभागात नेऊन, प्लास्टर काढून सगळ्यांसमोर लावून बघितला. चपखल बसला. मडक्याखालच्या पाटीवर खोदकामाचे साल लिहिलेलेच आहे. आता त्या सालातल्या विद्यापीठाच्या खापऱ्या, हजेरी नसलेल्या बायकांच्या मोरीत आल्या कशा, ते विद्यापीठाने सांगावे. रेवतीबाई म्हणतात, अजून वर्ष-दोन वर्षे जातील, पण आता उत्तर त्यांना द्यायचे आहे.

अबोलीचा करार वाढवला नाही. "विचाराधीन आहे" म्हणाले. कुर्ल्याला भाड्याने राहत होती, ती जागा सुटली. चंद्रपूरला परत जाते म्हणाली. मी म्हटले, "जाशील कुठे? माझ्याकडे पोटमाळा आहे. मोरी तर तूच साफ केलीस." आली. घोरते. चालायचेच.

कलम ७. आता वाटणी.

मुलगी माधुरी हिला भांडी, पितळी डबा आणि माझी नऊवारी लुगडी. तिच्याशी माझे भांडण नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहायलाही काही नाही.

पोस्टातले पैसे आणि खटल्यातून जे मिळेल ते नात श्रुतिका हिच्या शिक्षणाला. त्यातून आधी खंडाची पंगत घालावी आणि करारावरच्या सगळ्या पोरांना बोलवावे.

माझे ब्रश, चाळणी आणि घमेले अबोलीला.

विमला आणि सोनूबाईला काही देत नाही. त्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला दिलेले टिकत नाही म्हणे. विमला म्हणाली, "मग मी कशाला सही करू?" पण केली.

कलम ८. खोली, मोरीसकट, मुलगा अनिरुद्ध याला. माझ्यामागे खटल्यात वारस म्हणूनही त्यानेच उभे राहायचे.

मात्र अट अशी. अबोली या विद्यापीठात किंवा दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात कायम होऊन तिला फंड, पगारी रजा, आजारपणाचे बिल आणि निवृत्तीवेतन लागू होईपर्यंत या खोलीत फुकट राहील. तोवर अनिरुद्धने खोली विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, बिल्डरला द्यायची नाही. ज्या दिवशी ती कायम झाल्याचा कागद हातात पडेल, त्या दिवसापासून खोली त्याची, टाइल्स लावायला मोकळा.

हे सही करण्याआधी त्याला वाचून दाखवले तेव्हा तो ताडकन उठला. "आई, आणि ती कायम झालीच नाही तर?"

मी म्हटले, "मग तू कर तिला कायम. सेक्रेटरी आहेस ना."

"हा अन्याय आहे!"

"बरोबर. आता हे कोर्टात बोल."

दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी रेवतीबाईंचा आला, हसत होत्या. अनिरुद्ध बँकेतून रजा टाकून त्यांच्या ऑफिसात येऊन बसलाय, खटल्याचे सगळे कागद मागतोय, पुढची तारीख इतकी लांबची का घेतली म्हणून त्यांच्यावरच तडकलाय.

वरील सर्व मी पुरते समजून, शुद्धीवर आणि मजेत लिहिले आहे.

सही: द्रौपदी भीमराज वाहुळे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील बाईंनी सही केली व ज्यांनी त्यांच्यासमोर केली:

१. विमला (सही, कुरकुरत)
२. सोनूबाई (अंगठा, सही येते, चष्मा घरी विसरली)

ठिकाण: पंतनगर, घाटकोपर पूर्व, मुंबई
तारीख: १४ फेब्रुवारी २०२५