कापडी पिशवीतली माती

अल्लीपूर,
११ जून १९८२

प्रिय सुलोचना,

अनेक आशीर्वाद. भैय्याजी शेठ उद्या लग्नासाठी तुमच्या समुद्रपूरला निघाले आहेत. पोस्टाने पाठवलं असतं तर किती दिवस लागले असते कोण जाणे, आणि यावेळी उशीर करून चालणार नाही, म्हणून पाकीट त्यांच्याच हाती देतो आहे. तुझी आई बरी आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. कपिला व्यायली, कालवड झाली. तुझ्या आत्याला, आमच्या आनंदाबाईला, माझा नमस्कार सांग. तुझी पोस्टकार्डं येतात. ती तू फक्त आईच्या नावाने लिहितेस आणि त्या बिचारीला अक्षर लागत नाही, त्यामुळे ती वाचून मीच दाखवतो. हे तुला ठाऊक आहे, आणि तरीही त्यात माझ्यासाठी एक शब्द नसतो. राग नाही माझा. तू माझीच मुलगी आहेस, हट्ट दुसरीकडून कुठून येणार?

तुला आपला नाल्याकाठचा दीड एकर आठवत असेल. ओला झाला की साबणासारखा बुळबुळीत, वाळला की कुदळ उसळी मारते, आणि उन्हाळ्यात वर पांढुरका थर. दरवर्षी तिथली कापसाची पऱ्हाटी वीतभर वाढून पिवळी पडायची. माझे वडील म्हणायचे, जमीन काळी आहे म्हणजे कसदारच, जरा आळशी आहे इतकंच. मीही तेच म्हणत आलो. तू हिंगणघाटला बारावीत होतीस तेव्हा तिथलं तुरीचं झाड उपटून माझ्यासमोर धरलंस. सोटमूळ वीतभर सरळ जाऊन एकदम आडवं वळलं होतं. तू म्हणालीस, "बाबा, खाली मुळाले श्वास घ्याले जागाच नाई. पाणी वरच्या वरच राह्यते." मी हसलो होतो. काळ्या मातीला नावं ठेवणारी या घरातली तू पहिलीच.

त्या उन्हाळ्यात तू माती तपासायला पाठवायचं ठरवलंस. नागमोडी चालत आठ ठिकाणी खड्डे घेतलेस, पोत्यावर सगळी माती कालवलीस, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिलेस, असं करत अर्धा किलो उरवलीस. आईच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवलीस, आत आपल्या अक्षरात चिठ्ठी ठेवलीस आणि मला वर्ध्याच्या गाडीला धाडलंस. आता जे लिहितो ते दोन वर्षं तुला सांगितलेलं नाही. मी ती पिशवी स्टँडवर उघडली. आत ती भुरकट, दगडासारखी ढेकळं. मला लाज वाटली. असली माती साहेबांच्या टेबलावर ठेवायची? आपल्या लोकांची खोडच आहे ही, पाहुण्याला दाखवायचं ते चांगलंच दाखवायचं. मी परत फिरलो, तुझी माती बांधावर ओतून दिली आणि घराजवळच्या वावरात निंबाखाली, जिथे बैल बांधतो, तिथली मऊ काळी माती आईच्या पिठाच्या चाळणीने चाळून पिशवीत भरली. चिठ्ठी तुझीच राहू दिली आणि दुपारच्या गाडीने गेलो.

मग कागद आला. जमीन उत्तम, कसलीही उणीव नाही. तू तो तीनदा वाचलास. नागपूरच्या कृषी महाविद्यालयाचा फॉर्म तू तेव्हा आणून ठेवला होतास. मी ओट्यावर रूपरावकाका आणि चार माणसं बसलेली असताना तो कागद नाचवत म्हणालो, "सरकारचा कागद खोटा बोलते काय? आपली जमीन एक नंबर. मंग तुले नागपूरले जाऊन काय शिकाचं राह्यलं?" सगळे हसले. तू फॉर्म घडी करून चुलीत टाकलास आणि आठवड्यात आत्याकडे जाऊन बालवाडीत रुजू झालीस. शिकायला नाही म्हटलं ती माझी चूक होतीच. पण तुझे डोळे बरोबर पाहत असताना मी तुला त्यांच्यावरच शंका घ्यायला लावली, हे मला जास्त लागतं.

त्या दसऱ्याला सोनं वाटून आल्यावर मी एकटाच नाल्याकडे गेलो. कापूस पिवळाच होता. मी एक झाड उपटलं. मूळ आडवं. नमुना कसा घ्यायचा ते लिहिलेला तुझा कागद आईने तिच्या डब्यात जपून ठेवला होता, तो मागून घेतला आणि थंडीत आठही खड्डे स्वतः खणले. यावेळी चाळणी वापरली नाही. उत्तर आलं की जमीन चोपण आहे. खार जास्त, म्हणून ओली झाली की चिकणमाती फुगते, तिची छिद्रं बुजतात, मग पाणी खाली जात नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. तूच सांगितलेलं सगळं, फक्त जरा साहेबी भाषेत.

मागच्या वर्षी पाणी निघून जायला चर खोदले, पेरणीआधी खार धुऊन निघावा म्हणून जिप्समची पांढरी भुकटी टाकली. रूपरावकाका बांधावरून विचारत होते, "वावराले पावडर लावून राह्यला काय?" हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला आणि फुलावर येताच नांगरून गाडला. कापसाचा एक हंगाम गेला. मग करडई पेरली. खोटं लिहीत नाही, नाल्याचा कोपरा अजून माझ्या डोक्यासारखाच टकला आहे. पण बाकीची करडई कमरेला लागली. काढणीआधी एक झाड मी हळूहळू खणून काढलं. मूळ हातभर सरळ खाली गेलेलं. ते ओसरीत खुंटीला टांगलं आहे. येणारा जाणारा विचारतो, आणि मी पिशवीसकट सगळी हकिकत सांगतो. पहिल्यांदा सांगितली ती त्याच ओट्यावर, त्याच माणसांसमोर. काका तंबाखू मळता मळता म्हणाले, "पोरगी खरी होती, पुंडलिक."

आता उशीर का नको ते सांगतो. गेल्या आठवड्यात मी नागपूरला जाऊन आलो. मागच्या वर्षांत बारावी झालेल्यांनाही अर्ज करता येतो असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. पाकिटात नवा फॉर्म आहे, शेवटची तारीख पंचवीस. सगळे रकाने कोरे ठेवले आहेत, फक्त पालकाच्या सहीच्या जागी सही केली आहे. मला बरं वाटावं म्हणून भरू नकोस. तुला अजून जायचं असेल तरच भर. सोबत ती लुगड्याची पिशवीही आहे, आईने धुऊन नवी नाडी घातली आहे. रिकामीच पाठवतो. कधी आलीस तर नाल्याच्या टकल्या कोपऱ्यातली माती तुझ्या हाताने भर. वर्ध्याला मीच घेऊन जाईन, आणि वाटेत उघडणार नाही.

तुझाच,
बाबा