नऊ नंबरची टाकी

७ जुलै

आज एकोणीस! सकाळी खोलीचं दार उघडलं तर एक नंबरच्या टाकीत एकोणीस पिल्लं पोट वर करून. काल संध्याकाळी खात होती, शेपट्या हलवत होती. गाळणीने एकेक काढलं, स्पिरिटच्या बाटलीत टाकलं, चिठ्ठी लावली. 

कालपर्यंत दोनशे बारा होती. नऊ काचेच्या टाक्या. ‘या जातीचे बेडूक जगात एवढेच उरले आहेत’ — हे वाक्य मी इतक्या अर्जांत लिहिलंय की त्याचा अर्थच राहिला नव्हता. आज कळला. त्यांच्या एकुलत्या ओढ्याच्या जागी खडीची खाण झाली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तिथे एकही बेडूक ओरडलेला नाही. मी उचलून आणलेली शेवटची जोडी चार वर्षं एकमेकांकडे ढुंकून पाहत नव्हती. गेल्या महिन्यात अंडी घातली आणि आठवड्यात मादी मेली. आता पुन्हा अंडी नाहीत. जे आहे ते हेच.

पाणी तपासलं. ठीक. तापमान ठीक. खाणं तेच. मग काय झालं?

८ जुलै

दोन नंबर संपली. तीनमध्ये बारा उरलीत.

साहेब डोकावून गेले. संस्थेचे प्रमुख आहेत, त्यांनी जिवंत बेडूक शेवटचा कधी हातात धरला देव जाणे. म्हणाले, “बाई, जिवंत आहेत तोवरच काही स्पिरिटमध्ये घालून ठेवा. निदान नमुने तरी चांगले राहतील.” मी गाळणी धुवायला वळले. उत्तर दिलं असतं तर नोकरी गेली असती.

९ जुलै

पुन्हा तेच होतंय का? बुरशी? बावीस वर्षांपूर्वीसारखी?

तेव्हा मी आणि नवरा एकाच खोलीत काम करायचो. एकाच वर्गातले, एकाच टेबलावरचे, नुकतंच लग्न झालेलं. आमची पहिली पैदास, तीनशे पिल्लं, आठ दिवसांत गेली. हा उघड्या हातांनी टाक्या साफ करायचा. हातांवरून बुरशी गेली असणार. मी तसं लिहिलं, छापूनही आलं. नाव घातलं नव्हतं, ‘सहकाऱ्याचे उघडे हात’ एवढंच. पण कुणाला कळायचं राहिलं? त्या निबंधावर माझं नाव झालं. त्याने बेडूक सोडले, शाळेत शिकवायला लागला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, “असेल तसं.”

त्यानंतर माझ्या खोलीच्या दारावर माझ्याच अक्षरात कागद आहे — हातमोज्यांशिवाय आत येऊ नये. तीन वेळा नवा लिहून लावलाय. पाणी बदलताना दर टाकीला पाकिटातली कोरी जोडी. त्यात मी कधी कसूर केलेली नाही. सोमवारी या पिल्लांचं पाणी पहिल्यांदा बदलायला घेतलं तेव्हाही नाही.

१० जुलै

पाच टाक्या रिकाम्या. मोजायचं बंद केलंय. खोटं — मोजते. चौऱ्याऐंशी उरली.

नऊ नंबर तेवढी धडधाकट. सगळी चोवीसच्या चोवीस! ती टाकी खाली, बेसिनशेजारी आहे. माझी कंबर धरते म्हणून तिचं पाणी मावशी बदलतात. मावशी म्हणजे आमच्या सफाईच्या बाई, अकरा वर्षं इथे आहेत. कोपऱ्यात गारवा असेल. दुसरं काय?

नवरा डबा घेऊन आला. नेहमीसारखा फाटकावर, रखवालदाराकडे देऊन. बावीस वर्षांत आत पाऊल टाकलेलं नाही. फोनवर म्हणाला, “मी येऊ का? पाणी भरून देईन नुसतं.”

मी म्हटलं, “तू? नको रे बाबा.”

 मग म्हणाला, “भाजीत मीठ कमी झालंय.”

११ जुलै

सापडलं! मावशी!

लवकर गेले तर बाई नऊ नंबरमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलेल्या. उघडा हात! पिल्लांशी गप्पा चालल्या होत्या वर. माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले ते लिहवत नाही. जगातली शेवटची, अकरा वर्षांत एक साधा नियम पाळता येत नाही, तुम्ही मारलीत ती — असं बरंच.

मावशी उभ्याच राहिल्या. “बाई, ते मोजे घातले की माझ्या हाताला पुरळ येतं. चार पाण्यांनी हात धुते मी. माझ्या जाड कातडीचं असं होतं, तर यांच्या एवढ्याशा कातडीचं काय होत असेल?”

“तुम्ही मला शिकवू नका.”

खोचलेला पदर सोडला आणि गेल्या. चप्पल घालायलाही थांबल्या नाहीत, हातात घेऊन गेल्या. साहेबांना सांगून त्यांचं काम दुसऱ्या मजल्यावर लावलं.

नऊ नंबरचं पाणी मी बदललं. कोरी जोडी, नीट, हळू. कंबरेचा जीव गेला. पण आता मी निश्चिंत आहे.

१२ जुलै

नऊ नंबर — अकरा मेली.

१३ जुलै

लेकीचा फोन, हॉस्टेलवरून. मी रडत होते. ती म्हणाली, “आई, मला टायफॉइड झाला होता तेव्हा तू ओढ्यावर होतीस. बाबांनी उशाशी बसून काढले ते दिवस. आणि दर वेळी कपाळाला हात लावायच्या आधी धुऊन यायचे. मला वाटायचं, मीच घाणेरडी आहे.”

 फोन ठेवून टाक्यांपाशी गेले. आठ नंबरही गेली. आता नऊमध्ये सात. सगळ्या मिळून सात.

१४ जुलै

आज खोलीत गेलेच नाही. दाराबाहेर स्टुलावर बसून राहिले. काहीच सुचत नाही. तीस वर्षं एका बेडकामागे घालवली. लेक दुरावली, कंबर गेली, आता बेडूकही जातोय. माझ्या हातांत जातोय.

माझ्या हातांत.

नऊ नंबर मावशींच्या हातात असेपर्यंत एकही मेलं नव्हतं. मी हात घातला आणि दुसऱ्या दिवशी अकरा. लागण मावशींची म्हणावी, तर त्यांची टाकी सगळ्यात आधी जायला हवी होती. तिची पाळी सगळ्यात शेवटी आली. हे इतकं सरळ आहे आणि मला चार दिवस दिसलं नाही!

संस्थेमागच्या डबक्यातून साध्या बेडकांची वीस पिल्लं आणली, पायलीला पन्नास मिळतात तसली. दोन वाडगे, एकाच नळाचं शिळं पाणी, दहा-दहा. एका वाडग्यात पाकिटातला कोरा हातमोजा सोडला. दुसऱ्यात काही नाही.

१५ जुलै

मोज्याच्या वाडग्यात दहाच्या दहा मेली. दुसऱ्यात सगळी पोहताहेत.

मी खोक्यातली पाकिटं एकेक उलटून पाहिली. मोज्यांना कारखान्यातून येताना काय लागलेलं असतं कोण जाणे. मी ते न धुता, कोरं करकरीत, दर टाकीत घालत होते. काळजी म्हणून!

दुसऱ्या मजल्यावर गेले. मावशी फरशी पुसत होत्या. म्हटलं, “मावशी, चुकले. मारली ती मी. चला ना खाली.” त्यांनी वर पाहिलंच नाही. फडकं पिळलं, वाळत घातलं. मग म्हणाल्या, “किती राहिलीत?”

“सात.”

“मग इथे काय उभ्या राहिलात?”

पाणी त्यांनी बदललं. मी दारावरचा कागद फाडला. चार थर निघाले.

१६ जुलै

सातही आहेत. एकाला मागचे पाय फुटलेत.

१७ जुलै

नवऱ्याची शाळा सुटायच्या आत घरी आले. माळ्यावरून जुनी रोजनिशी काढली, बावीस वर्षांपूर्वीची. जसंच्या तसं उतरवते —

‘३ ऑगस्ट. हातमोज्यांचा खोका आला, एकदाचा! आजपासून मी मोजे घालूनच. हा ऐकत नाही, म्हणतो पकड सुटते.’

‘४ ऑगस्ट. एकवीस मेली. पहिल्यांदाच!’

‘६ ऑगस्ट. उघडे हात!! याचंच काम.’

अक्षर माझंच आहे.

तो आत्ताच शाळेतून आलाय. आत नळ सुरू आहे. साबण लावून, कोपरापर्यंत, तो हात धुतोय.