माझ्या जागेवर कोण बसलं

१ जानेवारी

आज माझा वाढदिवस म्हणे! आधार कार्डवाल्या पोराने दिलेला. त्याने विचारलं होतं, आजी, जन्मतारीख? मी म्हटलं, कांदे काढायच्या दिवसांत झाले, एवढं आई सांगायची. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एक जानेवारी ठोकून दिली. सालही त्यानेच ठरवलं. त्याच्या हिशोबाने आज बहात्तर पूर्ण. अंदाजाने म्हातारी झालेली बाई मी.

तर, काल मी पडले नाही. बसले. बाजारात उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून खाली बसले. पहाटेपासून पोटात नुसता चहा. पण रविराजला कुणीतरी फोन केला, ‘तुमच्या आई पडल्या.’ मग काय! स्कूटर, दवाखाना. डॉक्टर माझी नाडी धरून लेकाला विचारतात, ‘यांना भूक लागते का? झोप येते का?’ मी म्हटलं, ‘डॉक्टर, यांना तोंड पण आहे.’ ते हसले. रक्त कमी आहे, गोळ्या घ्या, उपाशी राहू नका. बस, एवढंच बोलले.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्या ‘उपाशी राहू नका’चं ‘बाजार बंद’ झालं होतं.

दिवाळीत सूनबाईला, शुभांगीला, अशीच चक्कर आली होती. तेव्हा सगळे म्हणाले, कामाचा ताण. मला आली तर वय!

ही वही माझी नात सृष्टीने मोबाइलमध्ये करून दिलीय. इथे बोट ठेव आजी आणि बोल, तो लिहितो. मी शाळेत गेलेली नाही, त्यामुळे इथलं मला स्वतःलाच वाचता येत नाही. इतकं पक्कं गुपित कुणाचं असेल?

२ जानेवारी

घरीच. टीव्ही बघितला. त्यानेही मला गुडघ्याचं तेल दाखवलं.

४ जानेवारी

माझा भाचा कुंदन आला होता. भावाचा धाकटा. कंपनीतलं काम सुटलंय, पोरगा कष्टाळू आहे, उगाच कशाला वाईट बोलू. पण बोलणं ऐका. मी समोर बसलेय, मटार सोलतेय, आणि तो रविराजला सांगतोय, ‘आत्याला आता झेपणार नाही. जागा रिकामी राहिली तर परका कुणीतरी घुसेल. त्यापेक्षा भोगीला मी बसतो.’

रविराज म्हणाला, ‘बस.’

जागा माझी. बोलले ते दोघं. मटार सोलले मी!

इथे सांगून ठेवते. इंदिरानगरच्या आमच्या बाजारात पावती नाही, पाटी नाही. आम्हा बायकांचा एकच कायदा – संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीच्या पहाटे, ज्या जागेवर जिची भवानी होईल, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक होईल, ती जागा वर्षभर तिची. भांडण नाही, तंटा नाही. कडुनिंबाखाली माझं पोतं त्रेचाळीस भोग्या पसरलंय. बाळंतपण, तेरावं, काही असो, भोगी चुकवली नाही.

या भोगीला कुंदन बसला की संपलं. परत माझी जागा मागायची तर भाच्याकडे हात पसरायचा.

६ जानेवारी

कुसाबाईला फोन लावला. बाजारातली माझी शेजारीण. माझ्या पोत्याला लागून तिचं पोतं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, तिला तर आधारवाल्यानेही नीट साल दिलं नाही. मी जरा मोठ्यानेच बोलले, ‘कुसाबाई! जेवलीस का? गोळी घेतलीस का? थंडी हाय, कान बांधत जा!’ मग कुंदनचं सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं, तिच्या लक्षात राहायला पाहिजे ना.

ती म्हणाली, ‘सरू, फोन कानाला लावलाय मी, डोंगराला नाय.’ आणि ठेवून दिला.

वयाने चिडचिड होते माणसाची.

८ जानेवारी

दूध उतू गेलं. माझ्या हातून. सृष्टी मोबाइलमध्ये बघून हळूच म्हणते, ‘आजी, विसरणं हे लक्षण असू शकतं.’

‘कशाचं गं?’

तिने मोबाइल पाठीमागे लपवला.

‘दूध तापल्याचं,’ मी म्हटलं.

मग तिला दिवसभराचा पाढा ऐकवला. सकाळी तुझा बाप स्कूटरची किल्ली शोधत होता, पाव तास, किल्ली त्याच्याच खिशात. तुझी आई डबा भरून ओट्यावर ठेवून गेली. तू परीक्षेचा दिवस विसरलीस मागच्या महिन्यात. त्या सगळ्यांचं लक्षण बघ की त्यात!

हसत सुटली. म्हणाली, ‘आजी, तू डेंजर आहेस.’ हे काय असतं ते विचारलं नाही. चांगलंच असणार.

१० जानेवारी

रविराजशी बोलले. आज तो निवांत होता, मीही तिरकं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. निम्मं जमलं.

‘आई, लोक मला काय म्हणतात माहितीये? आईला या वयात रस्त्यावर बसवलंय.’

‘बसवलंय? मला कोण बसवणार? मी बसले. तू दीड वर्षाचा होतास, तेव्हा त्याच पोत्यावर झोपायचास. तेव्हा नाही कुणी बोललं, लेकराला रस्त्यावर झोपवलंय म्हणून.’

तो नखं बघत बसला. लहानपणापासूनची सवय. मग म्हणाला, ‘तुला काही झालं तर?’

मी उठून चहा टाकला.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी बाजारात अंधारी आली तेव्हा मी घाबरले होते. लय घाबरले होते. कोथिंबिरीच्या जुडीला धरून बसले होते, जशी काही ती मला सावरणार होती. पण मला घरी बसून त्याहून जास्त भीती वाटते. बाजारात मला सरूबाई म्हणतात. ‘सरूबाई, शेपू आहे का?’ ‘सरूबाई, कालची मेथी कडू लागली हो!’ भांडतात, हसतात. घरी काय? ‘त्या जेवल्या का? त्यांना औषध दिलं का?’ मी या घरात आता ‘त्यांना’ आहे.

हे रविराजला सांगायला पाहिजे होतं. वहीला सांगितलं.

१२ जानेवारी

ठरलं. उद्या भोगी. पहाटे पाचला मी जाणार. रविराजला सांगायचं नाही.

शुभांगी कशी ओळखून गेली देव जाणे. भांडी लावता लावता म्हणाली, ‘आई, उपाशी जाणार नसाल तरच मी काही बघितलं नाही.’ बाजरीची भाकरी करून ठेवते म्हणाली. मोबाइलमध्ये चारचा गजरही लावून दिला. ‘निश्चिंत झोपा.’

चाळीस वर्षांत गजर लागला नव्हता मला. पण सून एवढं प्रेमाने करतेय, तर म्हटलं असू दे. दिराला फोन करून सांगितलं, सायखेड्याच्या मळ्यातला माल टेम्पोतून थेट बाजारात उतरव – गाजरं, वांगी, घेवडा, सोलाणे, बोरं, ऊस, सगळं.

१३ जानेवारी, भोगी

झोप लागली! गजरावर विसंबून झोपले आणि जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलं होतं. गजर वाजलाच नाही. रिक्षा केली. रस्ताभर एकच – त्रेचाळीस भोग्या. त्रेचाळीस.

पोचले तर बघते काय! कडुनिंबाखाली, माझ्या जागेवर, त्या दिवशी बाजारातच राहिलेलं माझंच पोतं पसरून कुसाबाई बसलेली. शेजारी तिच्या जागेवर कुंदन, छत्री लावून. दोघांची भवानी होऊन गेलेली.

कुंदनच वैतागून सांगायला लागला. ‘आत्या, मी पाचला आलो तर ही आजी इथे. म्हटलं, आजी, तुझी जागा पलीकडे. तर म्हणते, ‘व्हय का रे बाळा? मग मी कुठं हाय?’ सगळे हसले. कुणीतरी बोललं, सणाचं म्हातारीला उठवू नका. मग मी काय करणार? तिची मोकळी होती तिथे बसलो.’

कुसाबाई माझ्याकडे बघून बोळकं उघडून हसली. ‘आलीस? बैस. दोघींना पुरतीया.’

माझं काळीजच हललं. एवढी खमकी बाई, आणि जागा विसरली! चाळीस वर्षांची जागा! मी तिच्या शेजारी टेकले, शाल नीट केली तिची, आणि कामाला लागले.

भोगीच्या भाजीचे वाटे लावायचे होते. तराजू लागत नाही त्याला. दोन वांगी, दोन गाजरं, मूठभर घेवडा, मूठभर सोलाणे, चार-पाच बोरं, उसाचं कांडं, वर तिळाची पुडी. हात बोलतो. नवीन लग्न झालेल्या पोरी विचारतात, ‘मावशी, बोरं पण भाजीत?’ मग कृती सांगायची. एकदा सांगितली की ती पोरगी वर्षभर आपली.

कुंदनने सगळं चिरून डब्यात भरून आणलं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्या आधी संपलं त्याचं. नोकरीवाल्या बायका उचलत होत्या. बोरं मात्र नव्हती त्यात. मी माझ्यातली मूठभर दिली. भाचा आहे शेवटी.

आठला रविराज आला. चेहरा तापलेला. तोंड उघडणार तेवढ्यात एका बाईने त्याच्या हातात पिशवी दिली, ‘दादा, दोन वाटे भरा पटकन.’ भरायला बसला बिचारा! चार गाजरं, एकही वांगं नाही. कुसाबाई म्हणाली, ‘सरू, तुझ्या लेकाचं वय झालं का गं? हात थरथरतोय त्याचा!’ सगळा बाजार हसला. तोही हसला. अकरापर्यंत बसला माझ्याबरोबर. त्याने पहिल्यांदा बघितलं असेल, मला किती लोक नावाने ओळखतात.

आणि हो, तो गजर! दुपारी चारला वाजला. पहाटेऐवजी दुपारचा लावला होता सूनबाईने. बेचाळिसाव्या वर्षी. तिला कुणी ‘वय झालं’ म्हणालं नाही. मीही नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ झाला. तहही झाला. रविराज म्हणाला, ‘आठवड्यातून चार दिवस. क्रेट मी उतरवीन. अकराला डबा खायचा, मला फोटो पाठवायचा.’

‘पाच दिवस.’

‘बरं, पाच.’

‘आणि फोटो भाकरीचा पाठवीन, माझा नाही.’

जागा दोघींची म्हणायला बाजाराची हरकत नाही. कुंदनला कुसाबाईची. सगळं मार्गी लागलं, फक्त कुसाबाईचं मनात सलत होतं. काही विसरून रस्त्यावर भलतीकडेच गेली तर? गाडीखाली आली तर? तिच्या नातसुनेला, स्नेहलला, फोन केला. सांगितलं, ‘बाई गं, आजी आता भरकटते. बाजाराला पाठवू नका. सांभाळा तिला. वय झालं तिचं.’ स्नेहल रडवेली झाली. पण सांगायला पाहिजे होतं कुणीतरी.

१५ जानेवारी

कुसाबाई आली नाही. तिच्या बाजूचं पोतं रिकामं. चैन पडलं नाही.

१६ जानेवारी

आली. रिक्षातून, एकटी, घरच्यांशी भांडून. खाली बसली, मेथी सोडली, जुड्या बांधायला लागली. माझ्याकडे बघेना. मी विचारलं, कुसाबाई, मी कोण ते ओळखलंस का?

तिने जुडी आपटली. ‘सरू, तू फोनवर सांगितलं ना कुंदन बसणार म्हणून? दोनदा? तू भोगीला येणार हे मला ठाऊक. पण उशीर झाला तर? म्हणून चारला येऊन बसले तुझ्या जागेवर. मी भांडले असते तर चौघांनी उचलून बाजूला ठेवली असती. येडी म्हातारी झाले, कुणी हात लावला नाय. आणि माझ्या जागेचं मला काय कवतिक? दहानंतर नुसतं ऊन. फाल्गुन लागू दे, मग बघ तुझ्या भाच्याचं!’

मग म्हणाली, ‘सगळा बाजार फसला त्याचं काय नाय. तू पण फसलीस?’

फसले, म्हटलं. आणि तिच्यासमोरच स्नेहलला फोन लावला.