नावाचं पाकीट

३ मे १९८२, सोमवार

लोखंडी कपाट उघडलं! कार्यालय नव्या इमारतीत जाणार, त्याआधी गोपनीय शाखेतले जुने कागद निवडायचे — काय ठेवायचं, कशावरचा ठप्पा उतरवायचा, काय जाळायचं. साहेब म्हणाले, मेश्रामबाई, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार? तीस जूनला मी निवृत्त. जाता जाता हातात झाडू दिला म्हणायचा. पण खरं सांगते, आनंद झाला. माझी पंचवीस वर्षं त्या कपाटात आहेत, कुलूपबंद.

किल्ली फिरेना. चंद्रभान शिपायानं खोबरेल सोडलं तेव्हा फिरली. तो आणि मी, जुन्यांतले एवढेच उरलो.

४ मे

ठप्पे सापडले — मर्यादित, गोपनीय, गुप्त, परमगुप्त. पहिले दोन झिजून गुळगुळीत. परमगुप्तचा अजून कोरा करकरीत! तसला कागद अख्ख्या नोकरीत तीनदा आला, तोही मी बाहेरूनच पाहिला.

काय दिवस होते. दोन पाकिटांची पद्धत — आतल्यावर ठप्पा, लाख आणि साहेबांचं नाव. बाहेरचं अगदी साधं, पाहणाऱ्याला वाटावं कुणी खुशाली कळवली आहे. चंद्रभान मेणबत्तीवर लाख वितळवायचा आणि दर वेळी बोट भाजून घ्यायचा. संध्याकाळी कार्बन बादलीत जाळायचे. तो वास आला की समजायचं, सुटलो.

आज एक फाईल निघाली, वर लाल 'गुप्त'. आत काय, तर आवारातल्या आंब्याच्या झाडाचे आंबे कुणाला किती! दोघं हसून हसून बेजार. ठप्पा दिसला की लोक वाचायला टपतात. बिनठप्प्याचा कागद महिनाभर उघडा पडला तरी कुणी ढुंकून पाहत नाही. साहेबलोकांना हे कधी कळलं नाही.

६ मे

खरं कारण लिहूनच टाकते. मला एकच कागद शोधायचा आहे. शालिकरामचा.

शालिकराम धकाते, उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा, माझ्या शेजारच्या टेबलावर. सत्तावन्न साली मी रुजू झाले. धर्मांतराला वर्षही झालं नव्हतं आणि शाखेत माझ्या सुरईचं पाणी कुणी पीत नसे. हा पहिल्याच दिवशी आला, पाणी प्यायला, माझ्या डब्यातली वांग्याची भाजी न विचारता घेतली आणि वर म्हणाला, 'ताई, तिखट कमी आहे वं!' दुसऱ्या दिवशी भिवापूरच्या मिरचीचा ठेचा घेऊन हजर. मग दहा वर्षं डबा एकत्रच. बाकीचे हळूहळू आले, त्याच्या मागून.

सदुसष्टच्या दिवाळीत एक गुप्त कागद जसाच्या तसा वर्तमानपत्रात छापून आला. कागद कुणाच्या हातात गेला त्या वहीत शेवटची सही शालिकरामची. निलंबित. चौकशी मुंबईकडे गेली. निकाल कुणाला कळलाच नाही, आणि एक दिवस त्यानं राजीनामा दिला. तेव्हापासून तो कागदचोर. हल्ली कोराडीला वीजकेंद्राच्या वसाहतीजवळ चहाचं दुकान आहे. मी कधी गेले नाही. चंद्रभान जातो. तो सांगतो, शालिकराम अजून विचारतो — 'माह्या चौकशीचं काही निंघालं काय गा?'

कपाट रिकामं व्हायच्या आत सापडलं पाहिजे. पंधरा तारखेला जाळणार.

७ मे

नाही.

११ मे

चार खण झाले. काही नाही. आज बसल्या बसल्या तो दिवस आठवला. अडुसष्टचा मार्च, सोमवार. शालिकराम माझ्या टेबलासमोर उभा. निलंबित माणसाला आत यायची मुभा नव्हती, चंद्रभाननं सोडलं असेल. म्हणाला, मुंबईचं काही आलं का? मी मान वर न करता म्हटलं, 'सांगता येत नाही, शालिकराम.' तो मान खाली घालून निघून गेला. पण नियम म्हणजे नियम. घरच्या माणसालासुद्धा नाही. या तोंडातून पंचवीस वर्षांत एक शब्द बाहेर गेला नाही. त्याचा अभिमान आहे मला, का लपवू?

१४ मे

सापडलं.

तळच्या खणात, आवक वहीच्या खाली. आतलं पाकीट — लाख जशीच्या तशी, कुणी फोडलेलंच नाही. वर तेव्हाच्या साहेबांचं नाव आणि कोपऱ्यात धकाते चौकशीचा क्रमांक. सगळं आठवलं. साहेब आदल्याच दिवशी बदलून गेले होते. नावाचं पाकीट दुसऱ्यानं फोडायचं नाही, म्हणून नव्या साहेबांसाठी मी ते कपाटात ठेवलं. ते आले तीन आठवड्यांनी. तोवर आईच्या आजारपणात मी रजेवर. मग ते राहिलंच. शालिकरामनं नोकरी सोडलेली, मुंबईनंही पुन्हा विचारलं नाही.

आज साहेबांनी माझ्यासमोर फोडलं. कागद मुंबईतूनच फुटला होता. 'धकाते यांच्यावरील आरोप सिद्ध होत नाही. त्यांना तात्काळ कामावर घ्यावे.' मी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली.

मग साहेबांनी पाकीट उलटलं. मागे पेन्सिलीनं — १६ मार्च ६८, मिळाले. अक्षर माझं. शनिवारी आलं. सोमवारी तो समोर उभा होता आणि हे माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं.

साहेब भला माणूस. कागदावर 'गोपनीयता काढली' असं लिहून सही केली. म्हणाले, नक्कल टपालानं पाठवा, पाकीट उद्या जाळात जाऊ द्या. दीड महिना राहिला, कशाला अंगाला लावून घेता?

१५ मे

सगळं जाळलं. पाकीट माझ्या पिशवीत आहे.

१६ मे, रविवार

कोराडीला गेले. केस पिकलेत त्याचे. कागद आणि पाकीट दोन्ही हातात दिलं. म्हटलं, तू आलास त्या दिवशी हे माझ्याकडे होतं, शालिकराम. चूक माझी. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, आलंय एवढंच ठाऊक होतं.

त्यानं दोनदा वाचलं. मला बसायला बाक पुसून दिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला,

'तुम्ही सांगता येत नाही म्हणल्या, ताई, तं मले वाटलं, वाईटच आलं. त्याच दिवशी राजीनामा लिहिला. नाही आलं, असं खोटं जरी म्हणल्या असत्या, तं मी थांबलो असतो.'